जुनी आज्ञावली, नवे यंत्र आणि मधला दुभाषी

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर किंवा जुन्या पेटीत एखादे दप्तर असेल. कापडात बांधलेले, कोपरे कुरतडलेले. त्यात आजोबा-पणजोबांच्या वेळचा एखादा कागद. जमिनीचा, वाटणीचा, नाही तर देण्याघेण्याचा. कागद खरा, शाई शाबूत, भाषाही आपलीच मराठी. पण घरात कोणालाच तो वाचता येत नाही, कारण तो मोडीत लिहिलेला आहे. मग काय करतात? मोडी जाणणारा माणूस शोधतात, त्याच्याकडून कागद बाळबोधीत उतरवून घेतात आणि मगच बांध कोणाचा हे ठरते. कागदात काही उणे नव्हते. वाचणारा बदलला, इतकेच.

नेमकी हीच गोष्ट अलीकडे इंजिनिअरांच्या कामात घडली आहे. समजा, तुमच्या गावची एक मुलगी बारावी होऊन अभियांत्रिकी महाविद्यालयात गेली. वडिलांनी सोयाबीनचे पैसे आले तसे बाजूला काढून तिला लॅपटॉप घेऊन दिला. दुकानदार म्हणाला, "नव्या प्रोसेसरचा आहे. तापत नाही, आणि एकदा चार्ज केला की दिवसभर चालतो." तो खोटे बोलला नाही, बरं का! पण पहिल्याच महिन्यात प्रयोगशाळेतल्या सरांनी सांगितलेली आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो ते, त्या यंत्रावर चढेना. यंत्र चांगले, आज्ञावलीही चांगली, दोघांचे जमेना. असे का व्हावे? आणि ज्याचे पैसे गेले त्याने काय समजावे? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास आज तुम्हांला सांगायचा आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. प्रोसेसर म्हणजे यंत्राचा मेंदू. त्याला मराठी कळत नाही, इंग्रजीही कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. अमुक आकडा आला की बेरीज कर, तमुक आला की ती संख्या उचलून तिथे ठेव, अशी आज्ञांची एक ठरलेली यादी त्याच्या अंगात कोरलेली असते. एका घराण्याच्या प्रोसेसरची यादी दुसऱ्या घराण्याच्या यादीहून अगदी निराळी. आपल्याकडे बैल जसा शिकवलेल्या हाकेलाच वळतो, अनोळखी हाक घातली तर नुसता उभा राहतो, तसेच हे. बैल आळशी नसतो. हाक त्याची नसते.

आता आपण जरा मागे जाऊ. १९६० साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक गणकयंत्र सुरू झाले. आपल्याच शास्त्रज्ञांनी आणि इंजिनिअरांनी बांधलेले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' असे नाव दिले. पुढे १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकेतून सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. टिफ्रॅकच्या आज्ञा वेगळ्या, या यंत्राच्या आज्ञा वेगळ्या. जुन्या यंत्राच्या आकडी भाषेत बसवलेले काम नव्या यंत्रावर जसेच्या तसे चालणे शक्य नव्हते. यंत्र बदलले की मागची मेहनत पुन्हा करायची, ही त्या काळी सगळ्या जगाचीच अडचण होती.

या अडचणीवर दोन वाटा निघाल्या. पुढचा सगळा इतिहास या दोन वाटांचाच आहे, म्हणून त्या नीट ध्यानात ठेवा.

पहिली वाट १९५७ साली निघाली. आयबीएम कंपनीतले जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनी 'फोर्ट्रान' नावाची भाषा तयार केली. माणसाने गणिताच्या सूत्रांसारखे दिसणारे सूत्र लिहायचे, आणि त्याचे आकडी भाषेत रूपांतर यंत्रानेच करायचे. याचा फायदा पाहा. आता मूळ मसुदा माणसाच्या भाषेत उरला. नवे यंत्र आले तर तोच मसुदा नव्या यंत्राच्या भाषेत पुन्हा उतरवून घेता येतो. बियाणे आपल्या कणगीत असले की जमीन बदलली तरी पेरता येते, तसेच हे.

दुसरी वाट दुभाष्याची. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने 'सिस्टिम ३६०' हे यंत्रांचे नवे कुटुंब जाहीर केले. पण गिऱ्हाइकांकडे १४०१ नावाच्या जुन्या यंत्रासाठी बसवलेली कामे पडून होती. ती टाकून द्या म्हटले असते तर कोणी नवे यंत्र घेतले असते काय? म्हणून नव्या यंत्राच्या काही नमुन्यांत जुन्याचे सोंग आणण्याची सोय ठेवली. जुनी आज्ञा आली की यंत्र तिचा अर्थ लावून आपल्या परीने ती पार पाडी. मसुदा बदलायचा नाही. मध्ये दुभाषी बसवायचा.

पहिल्या वाटेने किती लांब जाता येते, याचे उदाहरण इंजिनिअरांच्याच दुनियेतले आहे. अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स नेगल नावाच्या विद्यार्थ्याने आपले प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली 'स्पाइस' नावाची आज्ञावली तयार केली. १९७३ साली ती लोकांपुढे आली. विजेचे सर्किट प्रत्यक्ष जोडण्यापूर्वीच कुठे किती दाब आणि किती प्रवाह येईल, हे ती गणिताने सांगे. ती फोर्ट्रानमध्ये लिहिलेली होती, आणि तिचा मूळ मसुदा विद्यापीठाने इतरांना मोकळेपणाने दिला. त्या मसुद्याच्या प्रती जगभर गेल्या. पुढे तो 'सी' भाषेत नव्याने लिहिला गेला. त्याच वंशातली 'एनजीस्पाइस' आज जुन्या प्रोसेसरवर चालते आणि नव्यावरही. आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पातली 'ई-सिम' ही सर्किट आखण्याची मुक्त आज्ञावली याच एनजीस्पाइसच्या आधारावर उभी आहे. पन्नास वर्षांत यंत्रे किती आली आणि भंगारात गेली! विद्या मात्र टिकली, कारण मसुदा उघडा होता.

पण सगळ्या आज्ञावल्या अशा उघड्या नव्हत्या. १९७८ साली इंटेल कंपनीने ८०८६ हा प्रोसेसर काढला. त्याचाच भाऊ ८०८८ हा १९८१ साली आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये बसला, आणि बघता बघता हे घराणे जगभरच्या टेबलांवर पोचले. या घराण्याच्या भाषेला पुढे 'एक्स-८६' असे नाव पडले. १९८२ साली 'ऑटोकॅड' आले. घराचा नकाशा, यंत्राचा सुटा भाग, पुलाची आखणी, जे काम पूर्वी ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर लावून होई, ते टेबलावरच्या संगणकावर होऊ लागले. १९९५ साली 'सॉलिडवर्क्स' आले, तेही विंडोजसाठी. शहरातल्या कचेऱ्या, कारखाने, महाविद्यालये, सगळ्यांनी याच एका भाषेवर घर बांधले. यातल्या बहुतेक आज्ञावल्या कंपन्यांच्या मालकीच्या. गिऱ्हाइकाच्या हाती येई ती फक्त आकडी प्रत. मूळ मसुदा कंपनीच्या तिजोरीत. जोवर सगळी यंत्रे एकच भाषा बोलत होती, तोवर याचे कोणाला काही वाटले नाही.

इकडे इंग्लंडात केंब्रिज गावी एक निराळीच गोष्ट घडत होती. तिथे 'ॲकॉर्न' नावाची छोटी कंपनी होती. शिक्षकमंडळींना हे नाव कदाचित आठवेल. १९८४-८५ च्या सुमारास भारत सरकारच्या 'क्लास' योजनेत काही निवडक शाळांना जे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले, त्यांची मूळ घडण याच कंपनीची. तिथल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी ठरवले की आपण आपला स्वतःचा प्रोसेसर करावा. आज्ञा थोड्या आणि साध्या ठेवाव्यात. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हाती आली आणि ती पहिल्याच झटक्यात चालली. तिचे नाव 'आर्म'.

या चिपची एक गमतीची आणि खरी हकीकत आहे. फर्बर यांनी तिला किती वीज लागते हे मोजायला मीटर लावला, तर काटा शून्यावर! चिप तर काम करीत होती. शोध घेतल्यावर कळले की पाटीवर वीज देणारी जोडणीच झालेली नव्हती. बाकीच्या तारांमधून जी थोडीशी वीज झिरपत होती, तेवढ्यावरच ती चालली होती. थोड्या विजेत काम करण्याचा हा गुण पुढे फार मोलाचा ठरला. १९९० साली ॲकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून आर्मची वेगळी कंपनी काढली. मोबाइल फोन आले, आणि बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांना हा प्रोसेसर फार मानवला. आज तुमच्या सदऱ्याच्या खिशात जो मोबाइल आहे, त्याच्या पोटात बहुधा याच घराण्याचा मेंदू आहे. म्हणजे पाहा, इंजिनिअरच्या लॅपटॉपात पोचण्याच्या कितीतरी आधी तो खेड्यात पोचला होता!

मग एक दिवस असा येणारच होता, की खिशातल्या यंत्राचा मेंदू टेबलावरच्या यंत्रात शिरेल. भारनियमनाच्या गावात दिवसभर टिकणारी बॅटरी कोणाला नको आहे? पण टेबलावरच्या साऱ्या आज्ञावल्या तर एक्स-८६ च्या. इथे पुन्हा ती दुसरी वाट, दुभाष्याची वाट, उपयोगी पडायची होती.

ही वाट तोवर बरीच मळली होती. १९९६ साली डिजिटल कंपनीने आपल्या 'अल्फा' प्रोसेसरसाठी 'एफएक्स-३२' नावाचा दुभाषी काढला. ॲपल कंपनीने तर आपल्या मॅक संगणकांचा मेंदू वारंवार बदलला. १९९४ साली मोटोरोलाच्या जुन्या घराण्यातून पॉवरपीसी, २००६ साली पॉवरपीसीतून इंटेल. दर खेपेला जुन्या आज्ञावल्यांसाठी दुभाषी दिला. २००६ सालच्या दुभाष्याचे नाव 'रोझेटा'. हे नाव कुठून आले? १७९९ साली इजिप्तमध्ये रोझेटा गावाजवळ एक शिळा सापडली. तिच्यावर एकच राजाज्ञा तीन लिप्यांत कोरलेली होती. त्यातली ग्रीक वाचता येत होती. तिच्या आधाराने फ्रेंच पंडित शांपोल्यों याने १८२२ साली प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे सोडवले. मोडी वाचणाऱ्याचाच हा थोरला भाऊ, नाही का?

दुभाषी दिला नाही तर काय होते, तेही इतिहासात आहे. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने आर्म प्रोसेसरवर चालणारे 'विंडोज आरटी' काढले. दिसायला विंडोज, पण जुनी एकही आज्ञावली त्यावर चढेना. लोकांनी पाठ फिरवली. पुढच्याच वर्षी न खपलेल्या मालापायी कंपनीला ९० कोटी डॉलरचे नुकसान हिशेबात दाखवावे लागले.

२०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने आर्म घराण्यातला 'एम-१' हा आपला प्रोसेसर लॅपटॉपात घातला आणि सोबत 'रोझेटा-२' दिला. त्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. एक दुभाषी असतो तो समोरचा माणूस बोलेल तसतसे वाक्यामागे वाक्य सांगत जातो. यात वेळ जातो. रोझेटा-२ तसे न करता शक्य तितका मजकूर आधीच उतरवून ठेवतो. आज्ञावली बसवतानाच किंवा पहिल्यांदा उघडताना तिचे भाषांतर होते आणि ते जपून ठेवले जाते. जो भाग आयत्या वेळी तयार होतो, तेवढ्याचेच तोंडी भाषांतर. शिवाय ॲपलने चिपमध्येही एक सोय केली. इंटेलच्या घराण्यात स्मृतीत नोंदी कोणत्या क्रमाने दिसाव्यात याचा नियम कडक आहे, आर्ममध्ये तो सैल आहे. दोन कारकून एकाच वहीत लिहीत असले तर हा क्रम फार महत्त्वाचा. म्हणून भाषांतरित काम चालू असताना चिप इंटेलचा कडक नियम पाळते. यामुळे दुभाषी चुकत नाही आणि फार अडखळतही नाही.

विंडोजच्या बाजूलाही शहाणपण आले. २०१७ साली आर्मवरच्या विंडोजला ३२ बिटच्या जुन्या आज्ञावल्यांचा दुभाषी मिळाला. २०२१ साली विंडोज ११ सोबत ६४ बिटचाही मिळाला. आणि २०२४ साली 'प्रिझम' नावाचा त्याहून चपळ दुभाषी आला.

आता तुम्ही म्हणाल, मग अडचण उरली कुठे? उरली, आणि ती नेमकी इंजिनिअरांच्या वाट्याला आली. पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, चित्रपट पाहणे, यांना काही झाले नाही. पण इंजिनिअरची आज्ञावली एकटी नसते. तिच्याबरोबर 'डोंगल' नावाची छोटी किल्ली असते. ती यंत्रात खोचल्याशिवाय आज्ञावलीचे कुलूप उघडत नाही. मोजमापाची उपकरणे असतात, चिपमध्ये आज्ञा भरणाऱ्या केबल असतात. या प्रत्येकाला यंत्राशी बोलण्यासाठी 'ड्रायव्हर' लागतो, आणि तो संगणकाच्या अगदी गाभ्यात काम करतो. दुभाष्याला गाभाऱ्यात प्रवेश नाही! तो सभामंडपापर्यंतच. ज्या कंपनीने आपला ड्रायव्हर नव्या प्रोसेसरसाठी नव्याने केला नाही, तिची किल्ली नव्या यंत्रात मुकी राहते.

दुसरी अडचण आकडेमोडीची. इंटेलने १९८० साली ८०८७ नावाची खास आकडेमोडीची चिप काढली होती. ती ८० बिटांपर्यंतची संख्या धरून हिशेब करी. आर्मच्या अंगात ही सोय नाही. काही जुन्या आज्ञावल्या आजही ती मागतात. तेव्हा दुभाष्याला तो हिशेब हाताने केल्यासारखा करावा लागतो, आणि काम मंदावते.

तिसरी अडचण मॅकवाल्यांची. २००६ पासून इंटेलच्या मॅकवर 'बूट कॅम्प' वापरून विंडोज थेट चालवता येई; त्या भरवशावर पुष्कळ विद्यार्थी मॅक घेत. नव्या प्रोसेसरवर ही सोय राहिली नाही. आता मॅकच्या पोटात आर्मचे विंडोज चालवायचे आणि त्याच्या पोटात दुभाष्याकरवी जुनी आज्ञावली. हे जमते, पण घरात घर आणि त्यात घर. कुठे गळते ते शोधणे अवघड.

मोठ्या कंपन्या हळूहळू जाग्या झाल्या. २०२३ साली ऑटोकॅडची मॅकवरची प्रत नव्या प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेत आली. गणिती कामाची 'मॅटलॅब' ही आज्ञावलीही त्याच वर्षी आली. म्हणजे एम-१ निघाल्यापासून जवळजवळ तीन वर्षे ही कामे दुभाष्याच्या खांद्यावर चालली. यातच दुभाष्याची थोरवी आहे. त्याने माणसांना तीन वर्षे उपाशी ठेवले नाही.

पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. पहिला रोझेटा २००६ साली आला आणि २०११ सालच्या आवृत्तीतून काढून टाकला गेला. ज्यांनी तोवर नवी प्रत केली नव्हती त्यांच्या आज्ञावल्या त्या दिवशी मुक्या झाल्या. २०२५ च्या जूनमध्ये ॲपलने जाहीर केले, की रोझेटा-२ ची पूर्ण सोय मॅक ओएस २७ पर्यंतच राहील. पुढे जुन्या खेळांपुरता थोडा भाग ठेवला जाईल. दुभाषी मालकाच्या पगारावर असतो, वाचकहो. मालकाने पगार थांबवला की तो उठून जातो. आणि आज्ञावलीचा मसुदा आपल्या हाती नसेल तर आपण काहीही करू शकत नाही. स्पाइसचे तसे झाले नाही, आणि का झाले नाही हे आपण वर पाहिलेच.

मेंदू बदलण्याचा हा काही शेवटचा प्रसंग नव्हे. २०१० साली त्याच बर्कलीत 'रिस्क-फाइव्ह' नावाच्या आज्ञांच्या नव्या यादीचे काम सुरू झाले; ही यादी कोणालाही मोकळी आहे. आपल्याकडे आयआयटी मद्रासने 'शक्ती' आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'वेगा' हे प्रोसेसर याच यादीवर घडवले आहेत. ते उद्या आपल्या मुलांच्या यंत्रांत आले, तर हाच प्रश्न पुन्हा दारात उभा राहील.

म्हणून शिक्षकबंधू आणि भगिनींनो, तुमच्याकडे सल्ला विचारायला एखादे पालक आले, तर त्यांना किंमत आणि रंग यांच्या आधी तीन प्रश्न विचारायला सांगा. पहिला, महाविद्यालयात चारही वर्षांत कोणकोणत्या आज्ञावल्या लागणार आहेत. त्यांची यादी प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्यावी. दुसरा, त्या आज्ञावल्या या प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेत आहेत की दुभाष्याकरवी चालतात. हे दुकानदाराला न विचारता आज्ञावली करणाऱ्या कंपनीच्या सूचनापत्रकात पाहावे. तिसरा, त्यांच्यासोबत एखादी किल्ली, केबल वा उपकरण लागते काय, आणि त्याचा ड्रायव्हर या यंत्रासाठी निघाला आहे काय. या तिन्हींची उत्तरे बरी आली तर नवे यंत्र खुशाल घ्यावे. त्याचे गुण खरे आहेत. नाही आली तर जुन्या घराण्याचे यंत्र घेण्यात कमीपणा नाही.

आणि यंत्र आधीच घेऊन झाले असेल तर? तर त्या मुलीला रागावू नका. तिचे यंत्र वाईट नाही आणि तिची निवडही मूर्खपणाची नाही. प्रयोगशाळेच्या यंत्रावर तिला बसू द्या, मुक्त आज्ञावल्यांपैकी कोणती चालते ते सरांच्या मदतीने पाहू द्या. सर्किटचे गणित एका आज्ञावलीवर समजले की दुसरीवर हात बसायला वेळ लागत नाही. यंत्राची भाषा बदलते; विजेचा नियम बदलत नाही.

मोडीतला कागद ज्याने वेळेवर बाळबोधीत उतरवून घेतला, त्याचा बांध राहिला. दप्तर तसेच बांधून ठेवणाऱ्याच्या घरी कागद आहे, पण तो काय म्हणतो हे सांगणारे कोणी नाही. आपल्या विद्येची दप्तरे अधूनमधून उघडून पाहावीत, वाचणारा आहे तोवर ती उतरवून घ्यावीत. वाचकहो, साठ वर्षांच्या या हकीकतीतून घ्यायचे ते एवढेच.